धांगडधिंग्याची निवड

१२ जानेवारी २०१८ रोजी सी. रामचंद्रांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्तानं रिसोडमधल्या आम्ही आठ-दहा जणांनी एका मित्राच्या घरी संध्याकाळी गाणी ऐकायचं ठरवलं. दहा गाणी निवडून त्यांवर थोडं बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी दहा निवडली आणि त्यांतली सात दणदणीत निघाली : ट्रंपेट, सॅक्सोफोन, क्लॅरनेट, बाँगो, शिट्ट्या आणि ज्यांना अर्थ नाही असे शब्द. यादी वाचून एक निवृत्त शिक्षक, ज्यांचा मी आजही धाक बाळगतो, म्हणाले, "अण्णांचं एवढं गोड काम पडलेलं असताना तुम्हाला हा धांगडधिंगाच का निवडावासा वाटला? ‘अनारकली’ कुठंय? ‘आझाद’ कुठंय?"

मी तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण तो एकट्या सरांचा नव्हता. मराठीत सी. रामचंद्रांवर जे काही लिहिलं गेलं, त्यातलं मला मिळालं तेवढं मी गेल्या पंधरा-वीस वर्षांत वाचलं आहे. त्यात बहुतेक ठिकाणी एक ठरलेली मांडणी दिसते. एक अण्णा ‘अनारकली’चे, लताबाईंच्या आवाजातल्या रेशमी चालींचे, १९६३ च्या जानेवारीत दिल्लीत प्रदीपजींच्या गीतानं लोकांच्या डोळ्यांत पाणी आणणारे. दुसरे अण्णा पोटासाठी, निर्मात्यासाठी, पिटातल्या प्रेक्षकासाठी पाश्चात्त्य ढंगाची गाणी करणारे. पहिल्यांची आरती करायची आणि दुसऱ्यांकडे हसून बघायचं. फार झालं तर ‘अष्टपैलू’ म्हणायचं आणि पुढच्या परिच्छेदात पुन्हा ‘अनारकली’वर यायचं.

मला वाटतं, ही विभागणी चुकीची आहे. मोठ्यानं वाजणारं संगीत ही सी. रामचंद्रांची तडजोड नव्हती, निवड होती. ती समजून घ्यायची तर मुंबईच्या हॉटेलांत आणि गोव्याच्या चर्चमध्ये जावं लागतं, आणि माझ्यापुरतं बोलायचं तर आमच्या गल्लीतल्या वरातीतसुद्धा.

आधी माणूस पाहू. रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. पुण्यात त्यांनी विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलं. म्हणजे पाया पलुसकर परंपरेचा. नट व्हायला म्हणून सिनेमात आले, ते जमलं नाही. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमवर साथ करू लागले. स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी मिळाली ती तमिळ चित्रपटांत. त्यांतला ‘वनमोहिनी’ १९४१ चा आणि दिग्दर्शक होते भगवान आभाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा. भगवानदादांचा जन्म १९१३ साली अमरावतीचा. म्हणजे ते आमच्या वऱ्हाडातले. हे सांगताना मला उगाच बरं वाटतं, हे कबूल करतो. ते वाढले मात्र मुंबईच्या गिरणगावात. एक पुणतांब्याचा, एक अमरावतीत जन्मलेला, आणि दोघं मिळून मद्रासचा सिनेमा करतात. दहा वर्षांनी, १९५१ साली, याच जोडीनं ‘अलबेला’ केला.

मधल्या काळात मुंबईत काय चाललं होतं, हे नरेश फर्नांडिस यांच्या २०१२ साली आलेल्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी पुस्तकानं फार चांगलं सांगितलं आहे. १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफर्ड आला. वेदरफर्ड तर इथलाच झाला आणि १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्यानं वारला. अमेरिकेत गोऱ्यांच्या बरोबरीनं टेबलावर बसता येत नव्हतं अशा वादकांना मुंबईच्या हॉटेलात मान आणि पगार दोन्ही मिळत होते. ज्या साहेबी हॉटेलांत ते वाजवत, तिथल्या टेबलांवर किती हिंदी माणसं बसू शकत होती हा प्रश्न वेगळा.

या वादकांच्या शेजारी बसून वाजवायला शिकले ते गोव्याचे ख्रिस्ती वादक. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकवत. पोट भरायला मुलं मुंबई, कराची, कलकत्ता गाठत. हॉटेल, क्लब, मूकपटांचं थिएटर, संस्थानिकांचे बँड, जिथं काम मिळेल तिथं. अल्डोणा गावचा अँतोनियो झेवियर वाझ त्यांतलाच. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत आणि ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखत. रात्री तो हॉटेलात ट्रंपेट वाजवी आणि दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात. सी. रामचंद्रांचा तो सहायक होता. ‘अलबेला’त तर तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ज्याला जाणकार जॅझ म्हणतात त्याचा प्राण आहे उपज. एक सांगाडा ठरतो आणि त्याच्या आत वादक त्या क्षणी नवं काहीतरी करतो. आपल्या ख्यालासारखंच. तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीवर, गायक-गायिका आणि दोन कडव्यांमध्ये, याला जागा नव्हती. मधले तुकडे लिहून ठेवलेले असत आणि वादक ते वाचून वाजवत. तेव्हा ‘शोला जो भडके’ हे शुद्ध अर्थानं जॅझ आहे असं मी म्हणणार नाही. त्यात लॅटिन अमेरिकेचा ठेका आहे, नाचाच्या बँडची सजावट आहे. काही ठिकाणी तर उघड उचल आहे : १९५० च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ एडमंडो रॉसच्या एका गाण्यावरून घेतलं, हे लपलेलं नाही. आणि १९७० च्या आपल्या ‘घरकुल’मधलं ‘हाऊस ऑफ बांबू’ तर नावासकट आलं आहे. या दोन गाण्यांवर मी फार खूश नाही. ती ऐकताना मजा येते, पण सी. रामचंद्र त्यांत दिसत नाहीत, फक्त त्यांची हुशारी दिसते.

मग घेतलं काय? माझ्या मते त्यांनी अमेरिकेच्या स्विंग बँडकडून तीन गोष्टी घेतल्या, आणि तिन्ही चालीच्या नव्हत्या.

पहिली लयीतली. आपला केरवा आठ मात्रांचा. आपण पहिल्यावर वजन देतो, टाळी तिथं पडते. स्विंगमध्ये चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला उठाव मिळतो, आणि एका ठोक्याचे दोन भाग सारखे पडत नाहीत. पहिला लांब, दुसरा तोकडा. घोड्याच्या दुडक्या चालीसारखं. बेनी गुडमनचा बँड १९३८ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजला, त्याचं ध्वनिमुद्रण आज सहज ऐकता येतं. जीन क्रूपाचा ड्रम त्यात ज्या जागी माणसाला खुर्चीतून उचलतो, त्या जागा मोजून पाहा. गुडमनचा सी. रामचंद्रांवर प्रभाव होता असं पुष्कळांनी म्हटलं आहे; मला तो सर्वांत जास्त या ठिकाणी ऐकू येतो. पण त्यांनी केरवा सोडला नाही. ढोलक खाली ठेवली नाही. त्या दोन वजनांना एकमेकांच्या अंगावर घातलं. त्यामुळे आपल्या माणसाला नाचता आलं. निव्वळ स्विंगवर दादरचा गिरणी कामगार नाचला नसता, त्याचा पाय पहिल्या ठोक्यालाच पडला असता.

दुसरी गोष्ट सवाल-जवाबाची. गायक एक ओळ म्हणतो आणि पितळी वाद्यांचा ताफा त्याला तोडून उत्तर देतो. ती साथ नसते, हस्तक्षेप असतो. मराठी कानाला हे परकं नव्हतं. भजनात बुवा म्हणतो आणि टाळकरी तोडतात; कलगी-तुऱ्यात तर हमरीतुमरीच असते. सुगम संगीतानं मात्र हे काढून टाकलं. तिथं वाद्यं गायकाच्या मागं अदबीनं चालतात. सी. रामचंद्रांच्या या गाण्यांत ट्रंपेट अदब पाळत नाही. स्वतः गायला उभे राहिले की (‘चितळकर’ या नावानं ते गात) त्यांचा तो काहीसा भोळा, काहीसा मिस्कील आवाज त्या ट्रंपेटशी वाद घालतो, हरतो, पुन्हा उठतो. त्यांचा आवाज मोठा नव्हता. म्हणूनच शेजारी एवढं मोठं वाजवायला लावलं असेल, असं मला कधीकधी वाटतं.

तिसरी गोष्ट निरर्थक शब्दांची. लुई आर्मस्ट्राँगनं १९२६ साली ‘हीबी जीबीज’ या गाण्यात शब्द सोडून नुसत्या बोलांनी गायन केलं आणि ती रीत जगभर गेली. आपल्याकडे तराणा होताच, तबल्याचे बोल होते, पोरांची बडबडगीतं होती. १९५७ च्या ‘आशा’मधलं ‘ईना मीना डीका’ यांतूनच आलं. गोष्ट अशी सांगतात की पोरं बाहेर खेळताना जे बडबडत होती त्यावरून सुरुवात सुचली आणि सहायक जॉन गोम्स यांनी पुढं कोकणीतलं ‘माका नाका’ जोडलं. मला नको. ही गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, ते दोन कोकणी शब्द गाण्यात आहेत. सबंध हिंदुस्थानानं कोकणीतला नकार नाचत नाचत म्हटला आणि कुणाला पत्ता लागला नाही, याची मला फार गंमत वाटते.

आता ‘अलबेला’कडे येतो, कारण माझा सगळा युक्तिवाद या एका चित्रपटावर उभा आहे. हिंदी सिनेमानं ट्रंपेट आणि सॅक्सोफोन यांना एक पत्ता नेमून दिला होता : क्लब. तिथं खलनायक सिगारेट ओढतो, तोकड्या कपड्यांतली बाई नाचते, ‘अँथनी’ किंवा ‘पीटर’ नावाचा इसम पेला भरतो. घर आलं की बासरी, देऊळ आलं की सनई, विरह आला की सारंगी-सतार. मोठा आवाज म्हणजे पाप, बारीक आवाज म्हणजे पुण्य, असा हा हिशेब. वाजवणारे गोव्याचे ख्रिस्ती वादक या दोन्ही घरांसाठी वाजवत, पण त्यांच्या नावाची पात्रं एकाच घरात राहत.

‘अलबेला’चा नायक प्यारेलाल खलनायक नाही, श्रीमंतही नाही. घरात बहिणीच्या लग्नाचा पैसा जुळत नाही, नोकरी टिकत नाही, आणि याच्या डोक्यात नाटकाचं वेड. घरातून निघतो, नाटकमंडळीत जातो, नाव कमावतो. चित्रपटातली दणदणीत गाणी या रंगमंचावर होतात, म्हणजे गरीब माणसाच्या स्वप्नाच्या जागेवर. ट्रंपेट इथं पापाचं नाही, सुटकेचं आहे. ते नायकाचं आहे, आणि गीता बालीचं आहे, जी खलनायिका नाही. आणि याच चित्रपटात सी. रामचंद्रांनी पिलूच्या अंगानं जाणारी ती अंगाई केली. लताबाईंच्या आवाजातली, आजही आया मुलांना म्हणतात ती. म्हणजे हळू बोलायचं तेव्हा त्यांना हळू बोलता येत होतं. एकाच चित्रपटात, एकाच गीतकाराच्या (राजेंद्र कृष्ण यांच्या) शब्दांवर, ते घरासाठी एक आवाज निवडतात आणि मंचासाठी दुसरा. ज्याला दोन्ही येतात त्यानं एक घेतलं तर त्याला नाइलाज कसं म्हणणार?

भगवानदादांचं नाचणंही बघण्यासारखं आहे. एवढा मोठा वाद्यवृंद धडधडतो आहे आणि हा बुटका, जाडजूड माणूस जवळजवळ जागच्या जागी हलतो. हात किंचित बाजूला, खांदा थोडा, पाय दोन इंच. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. हे नाचणं कुणालाही जमण्याजोगं होतं. म्हणून ते गणपतीच्या मिरवणुकीत गेलं आणि तिथून अजून परत आलेलं नाही. २०१६ साली आलेल्या ‘एक अलबेला’ या मराठी चित्रपटात मंगेश देसाईंनी ते छान उतरवलं होतं, पण आमच्या इथं विसर्जनाला एखादा हमाल किंवा रिक्षावाला दोन घोट घेऊन जे करतो ते मला मुळाच्या जास्त जवळ वाटतं. पुढं भगवानदादांचे चित्रपट पडले, बंगला गेला, मोटारी गेल्या आणि ते दादरच्या चाळीत राहिले. मिरवणूक तिथून जाताना त्यांच्या दाराशी थांबून नाचे असं म्हणतात.

‘अलबेला’ आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५२ साली, डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. पुण्याचे, स्वतः शास्त्रीय गाणं शिकलेले, कळकळीचे. चित्रपटसंगीतानं देशाची अभिरुची बिघडते आहे असं त्यांचं मत होतं, आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. डिसेंबर १९५२ मध्ये अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली. १९५७ साली ‘विविध भारती’ काढून सरकारनं एक पाऊल मागं घेतलं. केसकरांना खलनायक करणं सोपं आहे, मी ते करणार नाही. त्यांच्याच काळात आकाशवाणीनं रागसंगीताला जो आधार दिला आणि सुगम संगीताची जी केंद्रं उघडली, त्यातून आपल्या कानावर पुष्कळ चांगलं आलं. पण एक मराठी माणूस जो आवाज देशाला ऐकवत होता, तोच आवाज दुसरा मराठी माणूस बंद करत होता, आणि दोघांचीही तालीम एकाच प्रकारच्या संगीतात झाली होती, ही गोष्ट मराठी समीक्षेनं पुरेशी लक्षात घेतलेली नाही. आपण मनातून केसकरांच्या बाजूनं राहिलो. सरांचा ‘धांगडधिंगा’ हा शब्द तिथला आहे.

हे आपल्याकडेच झालं असंही नाही. १९२१ साली अमेरिकेतल्या एका बायकांच्या मासिकानं जॅझमुळे तरुण पिढी पापाकडे जाते असा लेख छापला होता. १९३५ साली जर्मनीच्या नभोवाणीनं कृष्णवर्णीयांचं जॅझ वाजवायलाच बंदी केली. तिन्ही ठिकाणची माणसं, हेतू, परिणाम निराळे. त्यांना एका दोरीत बांधणं अन्यायाचं होईल. पण मोठ्या आवाजाबद्दलची तक्रार बऱ्याच वेळा आवाजाबद्दल नसते, तो काढणाऱ्याबद्दल असते, एवढं मात्र तिन्हीकडे दिसतं.

इथं मला गल्लीत यावं लागतं. मी स्वतः या गाण्यांपर्यंत तबकडीनं किंवा रेडिओनं पोचलो नाही. आमच्या घरी रेडिओ उशिरा आला. ‘शोला जो भडके’ आणि ‘भोली सूरत’ मी पहिल्यांदा ऐकली ती परण्याच्या मिरवणुकीत, बँडवर, शब्दांशिवाय. नवरदेव मारुतीच्या पाराकडे निघालेला, पुढं पेट्रोमॅक्सच्या बत्त्या डोक्यावर घेतलेल्या बाया, आणि मध्ये दोन ट्रंपेट, दोन क्लॅरनेट, एक युफोनियम, साईड ड्रम, झांज आणि पोटावर बांधलेला बेस ड्रम. कितीतरी वर्षं मला ही आमच्याच गावची गाणी वाटत होती.

आणि एका अर्थानं ती होतीच. अमेरिकेत यादवी युद्ध १८६५ साली संपल्यावर लष्करी बँडची पितळी वाद्यं न्यू ऑर्लिन्ससारख्या शहरांत स्वस्तात मिळू लागली. गुलामीतून सुटलेल्यांनी ती मिरवणुकीत आणि अंत्ययात्रेत वाजवली. मसणात नेताना संथ, परतताना नाचरं. जॅझच्या अनेक मुळांतलं एक मुळ हे. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी पलटणींचे बँड छावण्यांत आले, मग संस्थानिकांकडे गेले, आणि त्यांच्यावरून शहरातले आणि तालुक्याच्या गावातले लग्नाचे बँड निघाले. टोपी-झालरीचा गणवेश तिथूनच आला. ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं २००५ साली भारतातल्या लग्नाच्या बँडवर ‘ब्रास बाजा’ नावाचं सबंध पुस्तक लिहिलं; असं पुस्तक मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. म्हणजे रिसोडचा बँड आणि न्यू ऑर्लिन्सचा बँड ही एका आजोबाची नातवंडं. ‘अलबेला’चं संगीत ताज हॉटेलातून दादरला, दादरहून सिनेमाच्या पडद्यावर आणि पडद्यावरून आमच्या गल्लीत आलं तेव्हा ते परक्या घरी गेलं नाही. रस्त्यावर जन्मलेलं संगीत फिरून रस्त्यावर आलं. म्हणूनच ‘अनारकली’ची गाणी बँडवर केविलवाणी वाटत आणि ही गाणी उभी राहत.

बँडचे वादक आमच्याकडे मुख्यतः मातंग आणि मुसलमान समाजातले. मांगाचा बाजा हे लग्नातलं जुनं काम. हलगी-सनई जाऊन ट्रंपेट आलं, माणसं तीच राहिली. लग्न लागेपर्यंत त्यांच्याशिवाय पान हलत नसे आणि लग्न लागलं की ती मांडवाच्या बाहेर, जेवणाची पंगत शेवटची. लहानपणी मी हे रोज बघितलं आणि त्यात काही खुपण्यासारखं आहे असं मला वाटलं नाही, हे इथं लिहायला हवं. मुंबईत चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्याबाबत हेच शहरी रीतीनं घडलं. तबकडीच्या लेबलवर गायक, गीतकार, संगीतकार. ज्यानं ट्रंपेट वाजवलं त्याचं नाव नाही. ज्यानं पानभर स्वरलिपी रात्रीतून लिहून काढली त्याचंही नाही. अँथनी गोन्साल्विसांचं नाव देशाच्या तोंडी बसलं ते १९७७ साली, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या गाण्यातून, आणि तेही अंड्यातून निघणाऱ्या विनोदी पात्राचं म्हणून.

तेव्हा सरांना मी त्या संध्याकाळी जे सांगायला हवं होतं ते असं : सर, गोडवा हा एकच निकष लावला तर यादीतून गाणी जातातच, माणसंही जातात. लताबाईंचा आवाज आपण ऐकतो तेव्हा एक व्यक्ती ऐकतो. पितळी ताफा ऐकतो तेव्हा एक पूर्ण खोली भरून माणसं ऐकतो, ज्यांतल्या कुणाचंच नाव आपल्याला ठाऊक नसतं. सी. रामचंद्रांनी त्यांना मागं ठेवलं नाही, पुढं आणलं, गायकाला तोडू दिलं, एकदा पडद्यावर उभंसुद्धा केलं. ही निवड मला ‘अनारकली’इतकीच मोलाची वाटते.

यावर एक आक्षेप मीच घेतो. आज आमच्याकडे बँड जवळजवळ संपला. वरातीत डीजे आला. भिंतीएवढे स्पीकर, छातीत धडकी भरेल असा आवाज. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ची मर्यादा घालतात. वरात तिला विचारत नाही. मग मोठ्या आवाजाची बाजू घेणारा मी डीजेची बाजू घेणार का? नाही. डीजेचा आवाज कुणाच्या फुप्फुसातून येत नाही. ट्रंपेटचा आवाज मोठा असतो पण त्याला माणसाच्या दमाची मर्यादा असते. वाजवणारा थकतो, श्वास घेतो, आणि त्या श्वासाच्या जागी क्लॅरनेट शिरतं. जॅझमधला सवाल-जवाब काही अंशी याच गरजेतून आला असावा. डीजेला श्वास घ्यावा लागत नाही, म्हणून त्याच्यात उत्तर द्यायला फट नाही. दोन्ही मोठे. एकात माणसं एकमेकांशी बोलतात, दुसऱ्यात गप्प होतात. ‘धांगडधिंगा’ हा एकच शब्द दोन्हींना वापरला की फरक ऐकू येणं बंद होतं.

त्या संध्याकाळी आम्ही गावातल्या एका जुन्या बँडमास्तरांनाही बोलावलं होतं. ऐंशीच्या घरातले, दात गेलेले, ट्रंपेट कधीच सुटलेलं. ते आत येऊन खुर्चीवर बसेनात, दाराशीच बसले. ‘शोला जो भडके’ लागलं तेव्हा त्यांची बोटं गुडघ्यावर हलत होती, तीन बोटं, तीन खटक्यांवर. गाणं संपल्यावर मी विचारलं, "मास्तर, हा मधला तुकडा तुम्ही असाच वाजवायचे?"

"नाही जी," ते म्हणाले, "पुरा नाही निघायचा. वो बंबईवाला एका दमात मारतो. आम्ही चालत चालत वाजवायचो, दम कुठून पुरणार? अर्धा मी मारायचो, तिथून भाऊ उचलायचा. लोकांना समजत नसे."

मग त्यांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला, आणि कुठल्या सुरावर भाऊ उचलायचा ते बोट वर करून दाखवलं.